फोल्डर आपले, मालकी दुसऱ्याची!

नागपुरातील सदर भागातल्या एखाद्या लहान कार्यालयाने हिशेबाचा ‘पोस्टग्रेस’ डेटाबेस ‘पॉडमन’च्या रूटविरहित कंटेनरमध्ये ठेवला, असे समजा. काम सुरळीत चालते. फायलींचा बॅकअप घेताना मात्र ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते. गोम क्रमांकांत आहे. कंटेनरमधील रूट म्हणजे बाहेरचे आपणच. पण तिथला ९९९ क्रमांकाचा ‘पोस्टग्रेस’ वापरकर्ता, दुय्यम क्रमांक १,००,००० पासून सुरू होत असल्यास, बाहेर १,००,९९८ ठरतो. फायली त्याच्या मालकीच्या. वैतागून त्या स्वतःच्या नावावर केल्यास चालू डेटाबेस अडतो. ७७७ अधिकार दिल्यास हिशेब सर्वांनाच उघडे! त्यापेक्षा डेटाबेस थांबवून ‘पॉडमन अनशेअर’ आज्ञेमार्फत प्रत घ्यावी. थांबवणे शक्य नसेल, तर ‘पीजी-डंप’ आहेच.