क्रँकचे आटे गेले, तर?
सायकलच्या पेडलचे आटे सहसा ९/१६ इंच व्यासाचे, इंचाला २० असतात. डाव्या पेडलचे उलटे, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचे. पेडल तिरपे बसवले किंवा ढिले असताना दामटले, की ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे आधी जातात. तोंडाचे एक-दोनच बिघडले असतील, तर तेल लावून टॅप आतल्या बाजूने फिरवावा. तिकडचे शाबूत आटे त्याला सरळ ठेवतात. डाव्या क्रँकला टॅपही उलट्या आट्यांचाच लागतो. सगळेच गेले, तर भोक वाढवून पोलादी बुश बसवतात.

नेरसारख्या तालुक्याच्या गावी दिसणाऱ्या जुन्या काळ्या सायकलींचा पोलादी क्रँक कॉटर पिनवर असतो. पिन ठोकून काढावी आणि सरळ क्रँकच बदलावा, तेच स्वस्त. पेडल वेल्डिंगने चिकटवणे हा जुगाड मात्र वाईटच: पेडल झिजले, की क्रँकही भंगारात.