फुटक्या बशीचं घर

फुटकी बशी आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. कान तुटलेल्या कपात फार तर फ्रीजमागे मनीप्लँट लागतो. फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या रेमों इझिदोरने मात्र असल्या तुकड्यांनी अख्खं घर मढवलं. तो काही शिकलेला कलावंत नव्हता. पुढे तर दफनभूमीत झाडलोट करून पोट भरायचा. १९३८च्या सुमारास त्याला नाद लागला. शेतात, उकिरड्यावर काही चमकलं की उचलायचं, घरी आणायचं, सिमेंटमध्ये दाबायचं. भिंती संपल्या तसा तो फर्निचरकडे वळला. पलंग झाला, टेबल झालं, बायकोचं शिवणयंत्रसुद्धा सुटलं नाही! (तिचं मत कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे.) मग अंगण, बाहेरच्या भिंती, एक छोटं प्रार्थनाघर. १९६४ साली तो गेला. शेजारीपाजारी ज्याला खुळा म्हणत, त्याचं घर नगरपालिकेने १९८१ मध्ये विकत घेतलं आणि १९८३ मध्ये ते ऐतिहासिक वास्तू ठरलं.

नवल पुढेच आहे. इतक्या वर्षांनीही त्या तुकड्यांचे रंग ताजे कसे? कपबशीवर ग्लेझ असतं, म्हणजे चक्क काचेचा थर. त्यातला निळा बहुतेकदा कोबाल्टचा. हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत तो काचेत असा मुरतो की ऊन-पाऊस त्याचं काही बिघडवू शकत नाही. भिंतीला लावलेला ऑइल पेंट उन्हात हळूहळू विटतो. बशीवरचं फूल विटत नाही. पण ही काच सिमेंटला नीट धरत नाही. पकड मिळते ती तुटलेल्या कडेला. बशी फुटली की आतली खरखरीत माती उघडी पडते आणि सिमेंट तिथे घट्ट बसतं. शाबूत बशी भिंतीवर टिकवणं त्यामानाने अवघड.

आणि वळणदार भागाचं काय? चेंडूला कागद गुंडाळून बघा, सुरकुत्या पडणारच. सपाट पत्रा गोलावर ताणल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय बसत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये गणिताने दाखवलं. लाद्यांचंही तेच. पण लादी फोडली की प्रत्येक तुकडा पुरेसा लहान होतो आणि घुमट, कमान, कोपरा, कशावरही बसतो. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला नागमोडी बाक गाउदी आणि जुजोल या वास्तुकारांनी याच युक्तीने मढवला.

आपल्या गच्चीवरचं चायना मोझॅक हे याचंच भावंड. पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन परतून जातं आणि खालची खोली कमी तापते. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादेत ‘संगथ’ या आपल्या स्टुडिओच्या कमानदार छपरांवर तेच लावलं. पुढे पंढरपूरच्या मकबूल फिदा हुसेन यांच्यासोबत त्यांनी तिथेच ‘गुफा’ ही कलादालनाची वास्तू उभारली. तिच्या घुमटांवरही फुटक्या तुकड्यांचीच कातडी आहे. ज्या वस्तूला आपण गच्चीवर पायदळी तुडवतो, तिला दर्शनी भागात मिरवायला एवढा मोठा वास्तुकार लागावा, याची मला गंमत वाटते.

घरी असं मोझॅक करायचं असेल तर ओट्यामागची भिंत घ्या. आधी रंग खरवडून प्लास्टरपर्यंत जा. रंगावर चिकटवलं तर रंगासकट खाली येईल. बशी गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, डोळ्यांवर चष्मा हवाच. टाइल ॲडहेसिव्ह लावून तुकडे बसवा, दुसऱ्या दिवशी फटींत व्हाइट सिमेंट भरा आणि तुकड्यांवर लागलेलं ते वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसून काढा. जिथे हात लागतो तिथल्या कडा पॉलिश पेपरने आधीच घासून घ्या. तुकडे कमी पडले तर टाइल्सच्या दुकानात कटिंगचा माल विचारा. सासूबाईंच्या टी-सेटकडे बघू नका.