आडनावात उरते ते सोडलेले गाव

संगमनेरकर हे आडनाव संगमनेरात राहून सहसा मिळत नाही. गावात सगळेच गावचे, तिथे त्या ओळखीचा उपयोग काय? पुण्यात किंवा बडोद्यात बिऱ्हाड थाटले की शेजारी विचारतात, ‘मूळचे कुठले?’ आणि त्याचे उत्तर नातवंडांच्या नावापुढे कायमचे बसते. नगरकर, नेवासकर, जामखेडकर, पारनेरकर ही आडनावे म्हणजे वास्तव्याची नव्हे, स्थलांतराची नोंद. श्रीरामपूर हा याचा उलटा पुरावा. जुन्या बेलापूरशेजारी रेल्वे आणि साखर कारखान्यांच्या जोरावर ते विसाव्या शतकात वाढले, तोवर शाळा-कचेऱ्यांच्या दप्तरांत आडनावे पक्की झाली होती. म्हणून बेलापूरकर भेटतात, श्रीरामपूरकर क्वचितच. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नगरकर मात्र नगरकरच राहिले.

यावर आक्षेप येईल, की वतनदार तर गाव न सोडताच गावाच्या नावाने ओळखले जात. खरे आहे. नॉर्मंडीतला रॉजर 1066 च्या इंग्लंड-विजयाआधीही मॉंटगोमेरीचाच म्हणवत असे, कारण ती त्याची जहागीर होती. पण ती ओळख हुद्द्याची. जहागीर हातची गेल्यावर, समुद्रापलीकडेही नाव टिकले, तेव्हा त्याचे आडनाव झाले. पुढे तर त्या नावाने वेल्समध्ये गाव वसले आणि रॉबर्ट मॉंटगोमेरी या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे पंजाबातल्या आजच्या साहिवालनेही ते काही काळ मिरवले. आपल्याकडे गावात पाटील वा कुलकर्णी असलेला माणूसही परगावच्या दरबारात गावाच्या नावानेच ओळखला जाई.

दुसरा समज अधिक चिवट: आडनाव एक म्हणजे रक्त एक. वाय गुणसूत्र आडनावासारखेच बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून हे तपासता येते. आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी 2000 मध्ये स्वतःच्याच आडनावाच्या 48 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या निम्म्याहून थोड्या कमी पुरुषांत ते गुणसूत्र एकाच ठेवणीचे निघाले. स्मिथसारख्या सर्रास आडनावांत मात्र असा एकच मूळपुरुष दिसत नाही, कारण लोहार गावोगावी होते. आपल्या ‘कर’वाल्यांचे कोडे आणखी अवघड. कर्जत नगर जिल्ह्यात आहे तसे रायगडातही. अकोलकर अकोला शहरातला असेल किंवा सह्याद्रीतल्या अकोले गावातला. शिवाय एकाच गावातून निघालेले ब्राह्मण, शिंपी, न्हावी सगळेच त्या गावचे ‘कर’ झाले, आणि दत्तकाने गुणसूत्राचा धागा तुटूनही आडनाव चालूच राहिले. तेव्हा कुळाचा शोध घेणाऱ्याने आडनावापाशी थांबू नये. कुलदैवत कोणते, वतनाचे कागद कुठल्या परगण्याचे आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मूळ गाव काय लिहिले आहे, हे आधी पाहावे.