मागच्या सीटमागे बफरची पेटी बसवताय? आधी लिटर मोजा, मग प्लाय कापा

वर्धा : पिकअप घेतली की पहिल्या महिन्यात सीट कव्हर, दुसऱ्या महिन्यात टेप आणि तिसऱ्या महिन्यात ‘बफर’. हिंगणघाटच्या मार्केटला कापूस टाकायला जाणारी गाडी असो की पुलगाव, आर्वी, देवळीच्या रस्त्यावर भाजीपाला वाहणारी, दिवसातले आठ-दहा तास केबिनमध्ये जातात. गाणं चांगलं ऐकू यावं ही हौस काही चुकीची नाही. पण बरेच जण तयार गोल ट्यूब घेतात, ती डबल केबिन गाडीत मागच्या सीटमागे मावत नाही, मग पायाजवळ ठेवतात. दुसरे सुताराला सांगतात, ‘बसेल तेवढा डबा बनवून द्या.’ दोन्हीत पैसे जातात आणि आवाज नुसता घुमतो.

सीटमागच्या अरुंद जागेत बसणारी पेटी गावातला सुतारसुद्धा नीट बनवू शकतो. त्याला मापं बरोबर द्यावी लागतात, एवढंच. वायरिंगमध्ये मात्र कंजुषी केली तर गाडीला आग लागू शकते. म्हणून हा लेख पेटीपासून फ्यूजपर्यंत सगळं सांगणारा.

पेटी लागतेच कशाला?

स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडा ठेवला तर समोरची दाबलेली हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्ही एकमेकांना मारून टाकतात. बारीक आवाजाला याचा फारसा फरक पडत नाही. पण ५० हर्ट्झच्या बासची एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते. तिला कडेने वळायला काहीच अडचण नाही. म्हणून दुकानात हातात धरून वाजवलेला बफर पुचाट वाटतो आणि तोच पेटीत बसवला की छातीत धडकतो. मागचा आवाज कोंडून ठेवणं हे पेटीचं पहिलं काम.

दुसरं काम स्प्रिंगचं. बंद पेटीतली हवा पडद्याला मागे ढकलते, आवरून धरते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकला, हवा कशी परत ढकलते ते कळेल. पेटी फार लहान झाली तर ही स्प्रिंग कडक होते, खालचा बास जातो आणि एकाच सुराला ‘ढुम ढुम’ ऐकू येतं. फार मोठी झाली तर पडद्याला आवर राहत नाही आणि जोरात वाजवल्यावर स्पीकर फाटतो. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी याच तत्त्वावर लहान बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. त्याआधी चांगल्या बाससाठी कपाटाएवढी पेटी लागायची.

बंद पेटी की भोकाची?

भोकाच्या म्हणजे पोर्टवाल्या पेटीत मागचा आवाजही कामाला लावतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठराविक सूर निघतो, बाटली मोठी असेल तर सूर खाली जातो. पोर्टवाली पेटी तशीच एका सुराला लावलेली असते. आवाज जास्त निघतो, पण जागा साधारण दीडपट-दुप्पट लागते, पोर्टची लांबी-रुंदी हिशोबाने काढावी लागते आणि हिशोब चुकला तर सगळंच बिघडतं.

सीटमागे जागा वीतभर असते. तिथे बंद पेटीच बरी. माप चार-पाच लिटर इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घेते. पोर्टच्या भोकातून धूळ जात नाही, उंदीर शिरत नाही, हाही गावाकडचा फायदा आहेच.

आधी जागा, मग स्पीकर

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन गाडीत बसा. सीटची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यामधलं अंतर खाली किती, वर किती, उंची किती, हे लिहून घ्या. सीटची पाठ तिरपी असते, त्यामुळे बहुतेक गाड्यांत खाली जागा जास्त आणि वर कमी सापडते. जॅक, पाना त्या जागेत असतील तर ते कुठे ठेवायचे ते आधी ठरवा. सीट बेल्टचे बोल्ट पेटीखाली दबता कामा नयेत.

मापात बसेल असा ‘शॅलो’ म्हणजे उथळ बफर मागा. साध्या १० इंची बफरला मागे १३ ते १५ सेंटिमीटर खोली लागते, उथळ बफरचं काम ८-९ सेंटिमीटरमध्ये भागतं. मॅग्नेटच्या मागे आणखी २-३ सेंटिमीटर मोकळे सोडा. समोरच्या बाजूनेही पडदा आणि सीटचा फोम यांच्यात किमान ३ सेंटिमीटर अंतर हवं. पडदा फोमला घासला तर महिन्याभरात बफरचा निकाल लागतो.

प्रत्येक चांगल्या बफरच्या डब्यात एक कागद असतो. त्यावर बंद पेटीसाठी किती लिटर किंवा किती घनफूट हवेत ते लिहिलेलं असतं. १ घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. तो कागद फेकू नका, सुताराला द्यायचं खरं माप तेच.

लिटरचा हिशोब, उदाहरणासह

समजा कागदावर २० ते २८ लिटर लिहिलं आहे. आपल्याला पेटी हवी आहे बाहेरून ६० सेंटिमीटर लांब, ४० उंच, खाली २२ आणि वर १२ सेंटिमीटर जाड.

१. जाडीची सरासरी काढा : २२ अधिक १२ म्हणजे ३४, त्याचे निम्मे १७.
२. प्लाय १८ मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून ३.६ सेंटिमीटर प्रत्येक मापातून वजा करा. आतलं माप झालं ५६.४, ३६.४ आणि १३.४.
३. तिघांचा गुणाकार करा : सुमारे २७,५०० घन सेंटिमीटर.
४. हजाराने भागा : २७.५ लिटर.
५. बफरचं मागचं धूड आणि आतल्या आधाराच्या पट्ट्या मिळून दोन-अडीच लिटर जातात. उरले सुमारे २५ लिटर.

म्हणजे हे माप चाललं. कमी भरलं तर लांबी वाढवा. गाडीची सगळी रुंदी उरलेलीच असते.

सुताराला काय सांगायचं

एमडीएफ जड आणि एकसारखा असतो, आवाजाला चांगला. पण त्याला ओल लागली की तो फुगतो. आपल्याकडे पावसाळ्यात चिखलाचे बूट, ओला ताडपत्रा केबिनमध्येच येतो. तेव्हा बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, १८ मिलिमीटर जाडीचा. १२ मिलिमीटरचा फळा स्वतःच थरथरतो आणि बास खाऊन टाकतो.

जोड नुसत्या खिळ्यांवर नको. फेविकॉल लावून, आधी बारीक भोक पाडून, दर १०-१२ सेंटिमीटरवर स्क्रू मारा. आतून प्रत्येक कोपऱ्यात सिलिकॉन फिरवा आणि बफर बसवण्याआधी एक पूर्ण दिवस वाळू द्या. ओल्या सिलिकॉनच्या वाफेने स्पीकरची कड खराब होऊ शकते. समोरचा आणि मागचा फळा यांच्यामध्ये एक-दोन आडव्या पट्ट्या ठोका. बफरसाठी भोक पाडताना ‘१० इंची म्हणजे १० इंच’ असं करू नका. भोक त्यापेक्षा लहान लागतं, ते कागदावरच्या मापानेच कापा.

आत उशीत भरतात तसा पॉलिएस्टरचा रेशा सैल भरला तर पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. आपल्या घरी कापूस भरपूर, पण तो इथे नको. तो ओल धरतो आणि हादऱ्यांनी तळाशी बसतो.

हवा गळते का ते पाहायला उदबत्ती पुरते. हळू आवाजात बास वाजवा आणि धूर जोडावरून फिरवा. धूर जिथे थरथरला तिथे फट आहे.

शेवटी पेटी गाडीला बोल्टने पक्की करा. अशी पेटी बफरसकट १५ किलोच्या आसपास भरते. जोरात ब्रेक लागला आणि ती सुटली तर मागे बसलेल्याच्या मानेवर येईल. भोक पाडण्याआधी पत्र्याच्या खालून डिझेलची नळी किंवा वायर जाते का ते वाकून बघा.

खरा धोका वायरमध्ये

डब्यावर छापलेल्या २०००-३००० वॅटवर जाऊ नका, ‘आरएमएस’ आकडा बघा. ३०० वॅट आरएमएसचा अॅम्प पूर्ण जोरात साधारण ३० अॅम्पिअर ओढतो. एवढ्या करंटला घरातल्या फिटिंगची उरलेली वायर वापरली तर ती तापते, वितळते आणि पेटते. गाडीत कापूस भरलेला असेल तर पुढचं सांगायला नको.

• वायर अस्सल तांब्याची, बारीक तारांची, किमान १० चौरस मिलिमीटरची. स्वस्त वायरमध्ये बऱ्याचदा आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.
• बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ४० अॅम्पिअरचा फ्यूज. अॅम्पजवळचा फ्यूज अॅम्प वाचवतो, बॅटरीजवळचा फ्यूज गाडी वाचवतो.
• पत्र्यातून वायर जिथे आत येते तिथे रबरी बूच बसवा, नाहीतर पत्र्याची धार आवरण कापते.
• अर्थिंग रंग खरवडून थेट बॉडीच्या लोखंडाला.
• ‘रिमोट’ची वायर टेपलाच जोडा. ती थेट बॅटरीला जोडली तर अॅम्प रात्रभर चालू राहतो आणि सकाळी सेल्फ लागत नाही.
• मोठ्या ट्रकची सिस्टीम २४ व्होल्टची असते. त्यावर १२ व्होल्टचा अॅम्प थेट लावला तर जळतो. दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेतला तर बॅटऱ्या असमान उतरतात. तिथे २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लागतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. बंद केबिन त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून अॅम्प पेटीच्या आत किंवा कार्पेटखाली कोंबू नका, हवा लागेल असा लावा. इंजिन बंद ठेवून तासन् तास वाजवणंही बॅटरीच्या मुळावर येतं.

आरटीओ, पोलीस आणि कान

सीटमागे पेटी ठेवणं वेगळं आणि सीट काढून पेटी ठेवणं वेगळं. आरसीवर आसनांची संख्या लिहिलेली असते. सीट काढली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा असेल तर जादा प्रीमियम भरून सिस्टीम पॉलिसीत नोंदवता येते.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सेवाग्राम आणि सावंगीच्या दवाखान्यांसमोरून जाताना आवाज कमी करायला मात्र नियमाची वाट कशाला बघायची? आत कोणाचा तरी पेशंट असतो. बासच्या लांब लाटा भिंतीने अडत नाहीत, त्यामुळे काचा बंद असल्या तरी शेजारच्या घराचे टिन थरथरतात.

आणि आपले कान. ८५ डेसिबलला दिवसात ८ तास ही मर्यादा मानली जाते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर मर्यादा ओलांडली समजा. एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही.

म्हणून अॅम्पवरचं ‘लो पास’ बटण ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. गेन कमीपासून हळूहळू वाढवा आणि आवाज फाटायला लागला की तिथून थोडं मागे या. मागून आलेल्या अॅम्ब्युलन्सचा सायरन काचा बंद असताना ऐकू येतो ना, हे तपासा. येत असेल तर सिस्टीम बरोबर लागली.