रमोला सिकंदचे पाऊल

'स्टार प्लस' वाहिनीवर २००१ ते २००४ या काळात 'कहीं किसी रोज' ही मालिका चालू असताना घराघरांत रमोला सिकंदच्या टिकलीची चर्चा होई. कपाळभर टिकली, जड दागिने, रोखलेले डोळे आणि मनात नित्य नवे कारस्थान! कथानक रबरासारखे ताणले जात होते, हे खरेच. पण ही खलनायिका विसरली गेली नाही. प्रेक्षकांचे लक्ष तिच्या कपाळाकडे असे, पावलाकडे क्वचितच जाई.

ही भूमिका करणाऱ्या सुधा चंद्रन यांचे वडील के. डी. चंद्रन हेही अभिनेते. सुधा मुंबईत वाढल्या, बालपणापासून भरतनाट्यम शिकल्या. १९८१ मध्ये तमिळनाडूत बसला अपघात झाला. पायाची जखम चिघळून गँग्रीन झाले आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नर्तकीच्या बाबतीत याचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुधा यांच्या ते वाचनात आले आणि त्या सेठींकडे गेल्या. सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकात घडविलेला 'जयपूर फूट' रबर आणि लाकडाचा, स्वस्त आणि साधा. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे, मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. हा पाय अनवाणी चालण्यासाठीच होता. पुढे भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी जयपूरला स्थापन केलेल्या 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती'ने तो विनामूल्य देत लाखो गरजूंपर्यंत नेला. हेच मेहता नंतर रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर व 'सेबी'चे अध्यक्ष झाले.

तथापि चालणे वेगळे आणि नाचणे वेगळे. भरतनाट्यममध्ये गुडघे वाकवून अर्धमंडलीत स्थिर राहावे लागते, तालाचा प्रत्येक आघात तळव्याने आणि टाचेने द्यावा लागतो. तळव्याची संवेदनाच नसलेल्या पायाने तो आघात नेमक्या मात्रेवर पडणार कसा? सरावात घर्षणाने रक्त येई. तरीही जानेवारी १९८४ मध्ये मुंबईत त्यांनी पुन्हा रंगमंचावर नृत्य केले. त्यांच्या आयुष्यावर सिंगीतम श्रीनिवास राव यांनी 'मयुरी' हा तेलुगू चित्रपट काढला. त्यात सुधा यांनीच काम केले आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळविला. १९८६ मध्ये त्याचीच हिंदी आवृत्ती 'नाचे मयूरी' आली.

पुढे दूरचित्रवाणीने त्यांना वेगळी ओळख दिली. 'मयुरी'त सहानुभूती होती. रमोलाच्या वेळी प्रेक्षकांना तिची चीड येई. कलावंताला हा बदल फार मोलाचा, कारण दयेपोटी कोणी कोणाचा तिरस्कार करीत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'नागिन'मध्येही त्यांची यामिनी अशीच गाजली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मात्र त्यांनी एका चित्रफितीतून थेट पंतप्रधानांना उद्देशून तक्रार मांडली. विमानतळावरील तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो. स्फोटकशोधक यंत्राने तपासा, ही विनंती ऐकली जात नाही. ज्येष्ठांना तसे ओळखपत्र मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली आणि कृत्रिम अवयव केवळ अपवादात्मक परिस्थितीतच काढावयास सांगण्याचा नियम असल्याचे स्पष्ट केले.