विळ्याच्या आकाराची पेशी

मनुष्याच्या शरीरातील बहुतेक पेशींत केंद्रक असते. रक्तातील तांबडी पेशी मात्र पक्व होताना आपले केंद्रक टाकून देते आणि सारे अंग हीमोग्लोबिनने भरून घेते. सुमारे 7 मायक्रॉन व्यासाची ही खोलगट चकती साधारणपणे 120 दिवस जगते. या अवधीत तिला स्वतःहून अरुंद अशा केशवाहिन्यांतून अंग मुडपून वारंवार जावे लागते. हा लवचिकपणा नाहीसा झाला म्हणजे काय होते, हे छत्तीसगडमधील अनेक कुटुंबांना अनुभवाने ठाऊक आहे. रायपूर येथे राज्य शासनाने सिकलसेल या रोगासाठी स्वतंत्र संस्थाच स्थापन केली आहे.

दोष अगदी लहानसा असतो. हीमोग्लोबिनच्या रेणूतील बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच. परंतु असे रेणू प्राणवायू सोडून देताच एकमेकांस चिकटून लांब दांड्या बनवितात आणि पेशीला विळ्याचा आकार येतो. छत्तीसगडी माणूस विळ्याला हंसिया म्हणतो. या ताठर पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. त्यांचे आयुष्यही 10 ते 20 दिवसांचेच असल्यामुळे पंडुरोग जडतो. तो केवळ लोहाच्या गोळ्यांनी हटत नाही. पहिले काही महिने बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन पुष्कळ असते, म्हणून ते निरोगी दिसते. दुखणे पुढे सुरू होते. साहजिकच नजर लागली, आईचे दूध बाधले, असे तर्क केले जातात.

खरे कारण जन्माच्याही आधीचे असते. शरीराच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. शुक्रपेशी व अंडपेशी तयार होताना ही संख्या निम्मी होते, म्हणजे प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. ज्याच्या जोडीतील एकच जनुक सदोष आहे तो केवळ वाहक होय. तो सहसा आजारी नसतो. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि सर्वस्वी निर्दोष असण्याची चारात एक असते. येथे एक गैरसमज फार आढळतो. पहिले मूल रोगी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा हिशेब लोक मांडतात. निसर्ग मागची नोंद ठेवीत नाही. प्रत्येक वेळी डाव नव्याने मांडला जातो. शिवाय रोगी मुलाला दोन्हींकडून एकेक जनुक मिळालेले असते, तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे अज्ञानाचेच लक्षण म्हणावे लागेल.

असे घातक जनुक टिकले कसे? वाहकाला तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले. मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यांत वाहक अधिक जगले आणि जनुकही वाढत गेले. भारतात 1952 साली निलगिरीतील आदिवासींत त्याची नोंद झाली; 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयी लिहिले. हा केवळ आदिवासींचा रोग नव्हे. छत्तीसगडमधील साहू व कुर्मी समाजांतही तो आढळतो. जातीतल्या जातीत विवाह होत असल्यामुळे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो.

विद्राव्यतेची साधी चाचणी सदोष हीमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक कोण व रोगी कोण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने कळते. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. रोग्याला हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात. त्याने गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि कळांचे झटके कमी होतात. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याला गर्भाच्या वारेचा सूक्ष्म अंश दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास तपासून घेता येतो.