दहा टक्क्यांचा प्रश्न : अमेरिकेतल्या शाळा आणि केंद्राचा पैसा



आजचा विषय वरवर पाहता आपला नाही. अमेरिकेतल्या शाळा, तिथलं केंद्र सरकार, तिथला निधी. आपण त्यात कशाला पडायचं? एक साधं कारण असं की आपल्यापैकी कित्येकांची नातवंडं त्याच शाळांत शिकतात. दुसरं कारण थोडं खोलातलं आहे. कायद्याने एखादा हक्क दिला, पण त्याचा पैसा मात्र दरवर्षी कुणाच्या तरी मर्जीवर ठेवला, तर त्याला हक्क म्हणायचं की कृपा? या प्रश्नाचा अभ्यास करायला अमेरिकेसारखं उदाहरण नाही.

आधी रचना समजून घेऊ. अमेरिकेच्या संविधानात शिक्षण हा शब्दच येत नाही. 1791च्या दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा लोकांचे. म्हणून शाळा राज्यांच्या झाल्या आणि राज्यांनी त्या गावोगावच्या स्कूल डिस्ट्रिक्टांकडे सोपवल्या. असे सुमारे 13,000 डिस्ट्रिक्ट आहेत. खर्चाचा मोठा भाग राज्य आणि स्थानिक डिस्ट्रिक्ट मिळून उचलतात, आणि स्थानिक पैसा मुख्यतः येतो तो घरपट्टीतून. म्हणजे काय, तर जिथे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. तिकडे घर घेणारं मराठी जोडपं स्वयंपाकघराच्या आधी शाळा कुठली लागते ते विचारतं, त्याचं कारण हे आहे.

मग केंद्राचा वाटा किती? सर्वसाधारण वर्षात साधारण 8 ते 10 टक्के. हा आकडा ऐकला की लोक म्हणतात, एवढासाच ना? कापला तर काय बिघडलं?

इथे आपण जरा थांबू. दोन माणसांमध्ये दोन भाकरी असल्या तर सरासरी प्रत्येकी एक. पण दोन्ही एकानेच खाल्ल्या असतील तर त्या सरासरीने दुसऱ्याचं पोट भरत नाही. एक खरं उदाहरण बघा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड आणि अ‍ॅलामो हाइट्स असे दोन डिस्ट्रिक्ट आहेत. 1967-68 साली एजवूडमधले लोक, बहुतेक मेक्सिकन वंशाचे आणि गरीब, दर 100 डॉलर मालमत्तेमागे 1.05 डॉलर कर भरत होते. श्रीमंत अ‍ॅलामो हाइट्समध्ये दर होता 85 सेंट. जास्त कर भरूनही एजवूडला त्यातून मुलामागे मिळाले 26 डॉलर. अ‍ॅलामो हाइट्सला मिळाले 333. राज्याने दोघांनाही साधारण सारखेच दिले, 222 आणि 225. केंद्राने एजवूडला 108 दिले आणि अ‍ॅलामो हाइट्सला 36. आता बेरीज करा. एजवूडच्या 356 डॉलरमध्ये केंद्राचा वाटा 30 टक्के, अ‍ॅलामो हाइट्सच्या 594मध्ये 6 टक्के. एकाच शहरात, एकाच वर्षी. म्हणून केंद्राची कपात सगळ्यांवर सारखी पडत नाही. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याच्यावर ती पडते.

हे आकडे न्यायालयातले आहेत. एजवूडच्या पालकांनी दावा लावला आणि 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. शिक्षण हा अमेरिकन संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमत म्हणालं. आपल्याकडे 2002 साली 86व्या दुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्कांत आलं. त्याची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण संविधानात तो आहे. तिकडे केंद्राच्या पातळीवर तसा आधार नाही. जे आहे ते संसदेच्या म्हणजे काँग्रेसच्या कायद्यांनी दिलेलं आहे.

ते दिलं कुणी? 1965 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली. ती त्यांनी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणच्या शाळेजवळ केली. तरुणपणी त्यांनी कोटुला या गावी गरीब मेक्सिकन मुलांना शिकवलं होतं. या कायद्याचा ‘टायटल वन’ हा भाग गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना जादा पैसा देतो. आजही तो वर्षाला सुमारे 18 अब्ज डॉलर आहे.

आणि या पैशाने एक मोठं काम केलं. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत हा निकाल 1954चा. पण दहा वर्षं दक्षिणेतली राज्यं हललीच नाहीत. 1964च्या नागरी हक्क कायद्याने सांगितलं, भेदभाव कराल तर केंद्राचा पैसा मिळणार नाही. पुढच्याच वर्षी मोठा निधी आला. मग मात्र दारं उघडायला लागली. निकालाने जे झालं नाही ते निकाल आणि निधी एकत्र आल्यावर झालं.

आता उलटी बाजू. 1975 साली अपंग मुलांना सरकारी शाळेत योग्य शिक्षण मिळालंच पाहिजे असा कायदा झाला. फार चांगला कायदा. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी आराखडा, आणि तो पाळणं बंधनकारक. या जादा खर्चासाठी केंद्र दर मुलामागच्या सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत देईल असं ठरलं. पन्नास वर्षं झाली, तो आकडा कधीच गाठला गेला नाही. अलीकडे तर 15 टक्क्यांच्याही खाली आहे. पण हक्क काही कमी होत नाही. पालक न्यायालयात जाऊ शकतात. मग डिस्ट्रिक्ट पैसा आणतो कुठून? संगीताच्या शिक्षकातून, ग्रंथपालातून, वर्ग मोठे करून. मग इतर पालक म्हणतात, या मुलांमुळे आमच्या मुलांचं नुकसान होतं. वचन दिलं वॉशिंग्टनने आणि भांडण लागलं शेजाऱ्याशेजाऱ्यांत.

पैशाबरोबर अटीही येतात. 2002 साली सही झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने सांगितलं की 2014पर्यंत शंभर टक्के मुलं वाचन आणि गणितात उत्तीर्ण पातळीला यावीत. शंभर टक्के! असं ध्येय ठेवलं की दोनच वाटा राहतात, एक तर नापास ठरायचं, नाही तर पातळीच खाली आणायची. दोन्ही झालं, आणि ज्याची परीक्षा नाही तो विषय मागे पडला. 2015 साली तो कायदा बदलावा लागला.

तिसरी गोष्ट, वेळेची. कोविडच्या काळात तीन टप्प्यांत सुमारे 190 अब्ज डॉलर शाळांना मिळाले. त्यातून जादा शिक्षक नेमले, समुपदेशक आले, उन्हाळी वर्ग सुरू झाले. शेवटच्या टप्प्याचा पैसा सप्टेंबर 2024पर्यंत मार्गी लावायचा होता. पैसा संपला, मुलांची गरज संपली नाही.

आणि आता 2025. मार्चमध्ये केंद्रीय शिक्षण खात्यातली सुमारे निम्मी माणसं कमी करण्याचं जाहीर झालं. खातंच बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकावीत असा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढला. काँग्रेसच्या कायद्याशिवाय खातं रद्द होत नाही, पण जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कपातीला तूर्त वाट दिली. 1 जुलैला राज्यांना मिळायचे सहा अब्जांहून अधिक डॉलर रोखले गेले. हा पैसा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा, स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांचा, शाळेनंतरच्या वर्गांचा, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा होता. महिनाअखेरीपर्यंत तो सोडलाही. मग बिघडलं काय? शाळा ऑगस्टमध्ये उघडतात, अंदाजपत्रक त्याआधी ठरतं. जुलैमध्ये ज्या शिक्षिकेला ‘थांबा, बघू’ म्हटलं, ती दुसरीकडे नोकरी बघते. पैसा परत आला तरी ती येईलच असं नाही. पेरणीच्या वेळी न पडलेला पाऊस कापणीला पडून काय उपयोग?

त्याच कपातीत खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या 12 प्रादेशिक शाखांपैकी सात बंद करण्यात आल्या. शाळा आपल्या अपंग मुलाला डावलते अशी तक्रार पालकाने न्यायची ती या कार्यालयात. वकील करण्याची ऐपत असणाऱ्याला दुसरा मार्ग आहे, बाकीच्यांनी काय करायचं?

विरोधी पक्षाचं म्हणणंही नीट ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, मुलांना ओळखतात ते गावातले लोक, हजार मैलांवरचा कारकून नव्हे. खातं 1980 साली सुरू झालं, मग निकाल का नाही सुधारले? कागदपत्रांत शिक्षकांचा वेळ जातो. यात तथ्य आहे. शंभर टक्क्यांचा हट्ट वॉशिंग्टननेच धरला होता.

पण इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. शाळा कुणी चालवावी हा एक प्रश्न. मुलाला शाळा मिळेल याची हमी कुणी द्यावी हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘गावाने’ असू शकतं. दुसऱ्याचं उत्तर गाव असू शकत नाही, कारण दक्षिणेत मुलाला दार बंद केलं होतं ते गावानेच, आणि एजवूडची दानत असूनही ऐपत नव्हती. ज्याच्याविरुद्ध हमी हवी त्यालाच जामीन घेऊन चालत नाही. चालवणं जवळच्याने, हमी दूरच्याने, अशी वाटणी तर्काला धरून आहे. चालवायला जाऊन केंद्र चुकलं, म्हणून हमीही सोडून द्यावी असं त्यातून निघत नाही.

तेव्हा यापुढे तिकडची बातमी वाचताना एकूण आकड्यावर थांबू नका. चार गोष्टी विचारा. हा पैसा कोणत्या मुलाचा आहे? तो शाळेला कधी कळणार? अट काय? आणि शब्द मोडला तर दाद कुठे मागायची? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पैसा कितीही आला तरी ती कृपाच. हक्क तिथे आहे जिथे साध्या आईबापाला जाऊन ‘माझ्या मुलाचं द्या’ असं म्हणता येतं आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

इथे थांबू. तुमचे प्रश्न घेऊ.